अक्काची किडनी आणि माझी नागीण

माझ्या पोटात उजव्या बाजूला, जरा खाली, माझ्या थोरल्या बहिणीची किडनी आहे. मी ही गोष्ट लपवत नाही, कारण मी लपवली तरी बुधवार पेठेतले आमच्या ओळीतले दुकानदार ती सांगतातच. माझं तिथे इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांचं दुकान आहे. एखाद्या गिऱ्हाइकाने विचारलं, की काका, हा पार्ट कुठल्या जुन्या मशीनमधून काढलेला तर नाही ना, तर शेजारचा चार्जरवाला आपल्या गल्ल्यावरून सांगतो, "अहो, त्यांच्या स्वतःच्या पोटात काढलेला पार्ट आहे आणि उत्तम चाललाय." गिऱ्हाईक हसतं. मीही हसतो. धंद्याला बरं असतं.

अक्का लग्न होऊन धायरीला गेली तेव्हा धायरी गाव होतं. ती तिथून हलली नाही, पुणंच तिच्या दारापर्यंत चालत आलं. दाजींचा मार्केट यार्डात पालेभाजीचा गाळा. अक्काने आयुष्यभर पहाटे मेथीच्या जुड्या बांधल्या आणि मला शिकवलं. मी शहरात आलो, दुकान टाकलं, पेठेतली बायको केली आणि शुद्ध बोलायला लागलो. मग माझ्या दोन्ही किडन्या गेल्या. डॉक्टरांनी घरात कोण देऊ शकेल असं विचारलं, तर नात्यातले बरेच जण एकदम देवधर्माला लागले. अक्का तेवढी रिक्षा करून आली.

किडनी घेण्याआधी रुग्णालयात एक समिती बसते. देणाऱ्यावर कुणी जबरदस्ती करत नाही ना, हे तिला खात्री करून घ्यायचं असतं. टेबलामागच्या साहेबांनी विचारलं, "आपण हे स्वखुशीने करताय का?"

अक्का म्हणाली, "मंग? मी काय बाजारात बसलेय व्हय, भाव करायला?"

साहेबांनी परत विचारलं, कारण चित्रीकरण चालू होतं आणि त्यांना हो किंवा नाही एवढंच हवं होतं.

"हो. लिवा हो. पन मला भ्या वाटतंय ह्ये त्याला नगा सांगू."

मी तिच्या शेजारच्या खुर्चीत बसलो होतो.

किडनी बसली. पहिल्या दिवाळीत भाऊबीजेला सगळे नातेवाईक माझ्याकडे बघत होते, की आता हा ताटात काय घालतो. मी साडी घातली. एक मावसभाऊ म्हणाला, "किडनीवर साडी म्हणजे तुझा फायदाच झाला." अक्काने त्याला लाडू वाढला नाही.

त्यानंतर रोज सकाळी अक्काचा फोन यायचा. कसा आहेस, जेवलास का, असलं काही ती विचारत नसे. थेट मुद्द्याला यायची. "लघवी कशी हाय?" मी दुकानात असेन, समोर गिऱ्हाईक असेल, तरी मला आवाज न चढवता सांगावं लागे, की चांगली आहे. बायको म्हणायची, "त्यांचीच वस्तू आहे. चौकशी करणारच."

आता थोडं वैद्यकीय सांगतो, माझ्या भाषेत. परक्याची किडनी पोटात बसवली, की आपल्या शरीराला ती परकी आहे हे कळतं आणि ते तिच्यावर धावून जातं. सख्ख्या बहिणीची असली तरी शरीर नातं मानत नाही. म्हणून प्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या. आता गंमत बघा. सगळं पुणं सकाळी उठून प्रतिकारशक्ती वाढवत असतं. हळदीचं दूध, आवळ्याचा रस, कोमट पाणी, टेकडीवर जाऊन मोठ्याने हसणं. मोठी साथ येऊन गेल्यापासून तर माणसं एकमेकांची प्रकृती विचारायची सोडून प्रतिकारशक्ती विचारायला लागली. अशा शहरात मी एकटा घड्याळ लावून ती कमी करत होतो. कुणाला हे सांगितलं, की आरती चालू असताना बसून राहिलेल्या माणसाकडे बघावं तसं तो माझ्याकडे बघायचा.

त्या उन्हाळ्यात माझ्या डाव्या बरगडीखाली आग व्हायला लागली. बायको म्हणाली पित्त. चार्जरवाला म्हणाला गॅस. मी म्हणालो, कपाटाला धडकलो असेन. तिघांचंही निदान झाल्यावर तिथे पुरळ आलं, मग पाण्याने भरलेले फोड आले, एकामागे एक, पाठीपासून पोटाकडे पट्ट्यासारखे. सोसायटीतल्या वॉचमनने लांबूनच सांगितलं, "नागीण आहे, काका."

डॉक्टरांनीही तेच सांगितलं, फक्त इंग्रजीत. लहानपणी ज्या कांजिण्या होऊन जातात त्या जातच नाहीत म्हणे. त्यांचा विषाणू मणक्याजवळच्या नसांमध्ये जाऊन गपचूप राहतो. शरीराचा पहारा ढिला पडला, की तो पुन्हा बाहेर येतो. "म्हणजे पेठेतला जुना भाडेकरू," मी म्हणालो. डॉक्टर पुण्याचेच होते, त्यामुळे पुढचं समजावून सांगायची त्यांना गरज पडली नाही. माझा पहारा तर आम्ही पैसे देऊन ढिला केलेला. त्यांनी विषाणूच्या गोळ्या दिल्या, किडनीच्या गोळ्यांपैकी एक जरा कमी केली आणि बजावलं. पहारा फार ढिला ठेवला तर नागीण पसरेल, फार कडक केला तर तो किडनीवरच उलटेल. मधल्या मध्ये राहायचं. आणि आमच्याशिवाय कुणाचं काही ऐकायचं नाही.

शेवटचं वाक्य डॉक्टर पुण्यात राहून बोलले याचं मला अजून नवल वाटतं.

आजारी माणसाला पाहायला जाणं ही आपल्याकडे मोठी सेवा समजली जाते, आणि नागीण पाहायला जाणं हा तर कार्यक्रमच असतो. कारण सगळ्यांना एकच गोष्ट बघायची असते, की तोंडं जुळली का. नागिणीचं तोंड आणि शेपूट अंगाभोवती फिरून एकत्र आली, की माणूस संपतो, असं आपल्याकडे मानतात. अभियंते मानतात, निवृत्त प्राध्यापक मानतात, मानत नाही असं म्हणणारे जास्त मानतात. लोक यायचे, शहाळं टेबलावर ठेवायचे, जे किडनीमुळे मला चालत नसे, आणि म्हणायचे, "जरा शर्ट वर करता का?" मग मान वाकडी करून पाठीकडून बघायचे, पोटाकडून बघायचे, आणि अजून बरंच अंतर आहे असं कळल्यावर, मला उगाच वाटलं असेल, पण जरा हिरमुसायचे. एकाने गेरूचा लेप सांगितला. एकीने मंत्र घालणाऱ्याचा पत्ता दिला आणि वर म्हणाली, "माझा विश्वास नाही हो, पण गुण येतो."

शेवटी बायकोने दारावर कागद चिकटवला. रुग्णास भेटू नये. भेटल्यास उपाय सांगू नये. सांगितल्यास केला जाणार नाही. त्याचा परिणाम एवढाच झाला, की लोक आधी कागदाचा फोटो काढायचे आणि मग, कागद फार छान लिहिलाय, हे सांगायला बेल वाजवायचे.

फक्त अक्काला कागद लागू नव्हता. बायको म्हणाली, "ज्यांची किडनी आत आहे त्यांना बाहेर कसं ठेवायचं?"

अक्का आली ती स्टीलचा थर्मास घेऊन. तिने शर्ट वर करायला सांगितलं नाही, स्वतःच केला. फोड बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते पदराने पुसलं. मग म्हणाली, "तुझ्यात ताकदच ऱ्हाईली न्हाई म्हनून ह्ये झालं. वावरात लिंबावर गुळवेल चढलीय, तिचा काढा केलाय. पी."

मी म्हणालो, "अक्का, डॉक्टरांनी सांगितलंय, दुसरं काही घ्यायचं नाही."

"ह्ये काय औषाद हाय का? काढा हाय."

आपल्याकडे काढ्याला कुणी औषध समजत नाही. तो चहाचाच कडू नातेवाईक. डॉक्टर विचारतात, दुसरं काही औषध चालू आहे का, तेव्हा काढा पिऊन आलेला माणूस निर्मळ मनाने नाही म्हणतो. शिवाय माझी एक अडचण होती. जिने पोट फाडून किडनी काढून दिली, तिने पहाटे उठून उकळून, धायरीहून सिंहगड रोडच्या गर्दीतून मांडीवर धरून आणलेल्या काढ्याला नाही कुठल्या तोंडाने म्हणायचं? मी प्यायलो. इतका कडू होता, की नक्कीच गुण येणार असं वाटलं. आपल्या माणसांचं औषधाबद्दलचं सगळं मत जिभेवर ठरतं.

मग अक्का रोज यायला लागली. बायको दार उघडायची, थर्मासकडे बघायची आणि आत जायची. एकदा स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाली, "मी अडवलं तर मी वाईट. तुम्ही अडवा. तोंड तुम्हाला आहे." मला तोंड होतं, पण त्यात काढा होता.

आणि मग, ज्या गोष्टीला मी इतका हसलो ती झाली. एका सकाळी आरशासमोर उभा होतो, तर उजव्या बाजूला, जिथे नागिणीचा काही संबंध नाही, तिथे नवे फोड. छातीवर तुरळक. एक कपाळावर. साध्या माणसाच्या अंगावर नागीण मधली रेघ सहसा ओलांडत नाही, असं डॉक्टरांनी मला सांगितलं होतं आणि मी ते मोठ्या रुबाबात भेटायला आलेल्या सगळ्यांना ऐकवलं होतं. पण मी साधा माणूस राहिलो नव्हतो. मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "आत्ता निघा." सोसायटीतल्या लोकांचा आणि डॉक्टरांचा सूर मला पहिल्यांदा सारखा वाटला.

दवाखान्यात मला वेगळ्या खोलीत ठेवलं, सलाईनमधून औषध सुरू केलं. आत येणाऱ्या प्रत्येकाला नर्स विचारायची, कांजिण्या होऊन गेल्यात का. अक्का म्हणाली, "ह्याच्याबरूबरच झाल्या. एकाच हातरुनात. आई लिंबाच्या पाल्यावर निजवायची दोघास्नी. ह्यो खाजवायचा म्हनून मी ह्याचं हात धरून बसायची." नर्सने तिला आत सोडलं. तिच्या पिशवीत थर्मास होता. पिशवी कुणी बघितली नाही.

फोड सुकायला लागले. नवे यायचे थांबले. आम्हाला वाटलं सुटलो. तेवढ्यात रक्ताचा अहवाल आला आणि किडनीचे डॉक्टर स्वतः खोलीत आले. ते एरवी मागे चार शिकाऊ डॉक्टर घेऊन येतात, त्या दिवशी एकटे आले. किडनीचं काम घसरलं होतं. सलाईनच्या औषधाने कधी कधी होतं असं, ते म्हणाले, पण इतकं नाही होत. मग त्यांनी विचारलं, "दुसरं काही घेताय?"

मी सवयीने नाही म्हणालो. बायको खिडकीतून बाहेर बघत होती. अक्का कोपऱ्यात उभी होती आणि थर्मासचं झाकण उघडत होती, कारण काढ्याची वेळ झाली होती.

"ते काय आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"गुळवेल हाय," अक्का कौतुकाने म्हणाली. "पर्तिकारशक्ती वाढती."

डॉक्टरांनी वाकून थर्मासमध्ये पाहिलं. मग ते माझ्याकडे वळले. अक्काकडे वळायचं त्यांनी टाळलं, हे मला कळलं. "अहो, आपण सगळे मिळून जी दाबतोय, तीच तुम्ही वाढवायला घेतलीत?" ते म्हणाले. "या काढ्याने ती वाढत नसेल, तर तुम्ही उगाच कडू प्यायलात. वाढत असेल, तर ती वाढून कुठे जाणार? पहिली किडनीवर जाणार."

मी लगेच म्हणालो, "मीच करून मागितला. मोबाईलवर बघितलं होतं."

"खोटं बोलतोय त्यो," अक्का म्हणाली. "म्या आनला. त्यो नगं म्हनत होता."

पुढे तपासणीसाठी किडनीत सुई घालून तुकडा काढला. माझ्या शरीराने किडनी नाकारायला सुरुवात केली होती. ती काढ्याने, की गोळी कमी केल्याने, की दोन्हींनी, हे कुणालाच छातीठोक सांगता येणार नव्हतं. डॉक्टरांनी तसं अक्काला स्पष्ट सांगितलंही. पण अक्काने मार्केट यार्डात जन्म काढलाय. माल कुणामुळे नासला, हे व्यापारी कितीही गोलगोल बोलला तरी तिला कळतं. आता पेच असा होता, की किडनी वाचवायची तर प्रतिकारशक्ती आणखी दाबायला हवी, आणि ती दाबली तर जेमतेम सुकलेली नागीण पुन्हा उठेल. एकाचं औषध दुसऱ्याला विष.

किडनी वाचली, हे इथेच सांगून टाकतो. पूर्वीसारखी नाही, जरा कमी जोमाने चालते, पण चालते. लोक विचारतात तेव्हा मी हा सगळा किस्सा हसवून सांगतो. शहाळी, कागद, शर्ट वर करा, सगळं सांगतो. चार्जरवाल्याला तर तो पाठ आहे. पण काढा पकडला गेला त्याच दिवशी खोलीत पुढे जे झालं, ते मी दुकानात कधी सांगितलेलं नाही.

डॉक्टर म्हणाले, "आम्ही औषध देतो. बघू. किडनीने नाहीच ऐकलं तर पुन्हा डायलिसिस."

डायलिसिस म्हणजे काय ते अक्काने पाहिलं होतं. मला मशीनवर घालायचे, तेव्हा ती बाहेरच्या बाकावर बसून मेथी निवडायची. ती दोन पावलं पुढे आली. तिचा आवाज अगदी साधा होता, गाळ्यावर बोलावा तसा.

"डाक्टर, दुसरी हाय की माझ्याकडं. ती घ्या."

डॉक्टरांना वाटलं, हिला समजलेलं नाही. त्यांनी तिला खुर्चीवर बसवलं, समोर स्टूल ओढलं आणि लहान मुलाला सांगावं तसं समजावून सांगितलं. "मावशी, माणसाला दोन किडन्या असतात. एक तुम्ही दिलीत. आता तुमच्याकडे एकच आहे. ती काढली, तर तुम्ही जगणार नाही."

मला तिचा भयंकर राग आला. किडनी गेली तर जाऊ दे, असं मला त्या क्षणी खरोखर वाटलं. "अक्का, गप बस," मी म्हणालो. जन्मात मी तिला तसं बोललो नव्हतो.

अक्काने माझ्याकडे पाहिलंच नाही. ती डॉक्टरांकडे बघत होती.

"एकच हाय ती ठावं हाय मला," ती म्हणाली. "म्हनूनच तर इचारतेय."

 बायकोने पुढे होऊन अक्काच्या हातातला थर्मास काढून घेतला आणि तिचा हात आपल्या हातात धरला. मला रडू येत होतं, आणि दोन्ही हातांना सलाईन असल्यामुळे डोळे पुसताही येत नव्हते.